शेरूला सुरक्षित पट्टा मिळाला, त्याची गोष्ट

२००८ साली शालीकरामजी पटले कचेरीतून निवृत्त झाले, तेव्हा फुलचूरच्या त्यांच्या गल्लीला धडकीच भरली. आयुष्यभर लोकांना त्यांच्या चुका सांगण्याचं काम केलेलं. आता तो सगळा अनुभव गल्लीसाठी मोकळा झाला होता. पण समोरचे इंजिनियर साहेब नेमके त्याच सुमारास बदलीवर रायपूरला निघाले आणि जाताना आपला लॅब्रेडॉर शेरू शालीकरामजींच्या गळ्यात मारून गेले. गल्लीचा जीव वाचला.

दवनीवाड्याला, त्यांच्या मूळ घरी, कुत्री पिढ्यानपिढ्या होती. पण त्यांना फिरवून आणण्याची पद्धत नव्हती. ती आपापली जात आणि जेवायच्या वेळी हजर होत. लॅब्रेडॉरला मात्र बांधूनच न्यायचं, असं साहेबांनी बजावलं होतं. शालीकरामजी बाजारातून जाडजूड लोखंडी साखळी घेऊन आले.

"हे कुत्र्याची होय का म्हशीची जी?" त्यांच्या बायकोनं, नंदाबाईनं विचारलं.

"चीज मजबूत पाहिजे. तुले काय समजते त्यातलं?"

साखळी मजबूत होती, यात वाद नाही. थोड्याच दिवसांत शेरूच्या मानेचे केस गेले आणि शालीकरामजींच्या तळहाताचं कातडं. साखळी खुळखुळली की शेरू पलंगाखाली शिरू लागला.

"लाजून राहिला बिचारा," शालीकरामजींनी निदान केलं.

पुढे एका लग्नासाठी ते नागपूरला गेले आणि तिथून बटनवाला पट्टा घेऊन परतले. प्लॅस्टिकची मूठ, आत गुंडाळलेली बारीक दोरी. कुत्रा पळाला की ती सुटत जाणार, बटन दाबलं की थांबणार. गल्लीत नवरदेवाचंही झालं नसतं इतकं त्या पट्ट्याचं कौतुक झालं. करणारे अर्थात शालीकरामजीच होते.

एका संध्याकाळी ते शेजारच्या भैयाजींना हीच करामत समजावत होते. "पाहा भैयाजी, कंट्रोल पूरा आपल्या हाती."

तेवढ्यात समोरून एक डुक्कर पळालं. त्याच्यामागे शेरू. दोरी सर्रकन सुटली. शालीकरामजींना बटन सापडेना, म्हणून त्यांनी पळती दोरीच मुठीत धरली. दोरीनं तळहात चिरला, भैयाजींच्या पायांना वेढा घालून त्यांना आडवं केलं, आणि प्लॅस्टिकची मूठ हातातून निसटून शेरूमागे खडखडत गेली. त्या आवाजानं बिथरलेला शेरू थेट मोठ्या रस्त्यावर, धानाच्या ट्रकपुढे.

ब्रेक करकचून लागले. "अरे काका, मरना है क्या? कुत्ता सँभालो!" ड्रायव्हर ओरडला.

काका तोवर धावत जाऊन रस्त्याच्या मधोमध बसले होते, रक्ताळलेल्या हातांनी शेरूला कवटाळून. ट्रकनं हॉर्न वाजवला तरी सोडेनात. शेवटी लंगडत आलेल्या भैयाजींनीच दोघांना बाजूला नेलं.

दुसऱ्या दिवशी शेरूची मान दाखवायला ते जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी मान पाहिली, मग मालकाचा हात पाहिला.

"पट्टे घेताना कुणाला विचारलं होतं?"

"कोणाले कायले? मी होतो ना."

"हो, ते दिसतंच आहे," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी नीट समजावलं: मानेवर ओढ नको, छातीभोवती बसणारा पट्टा घ्या. हातात धरायची पट्टी रुंद, कापडी, माणसाच्या उंचीएवढी. त्याहून लांब नको. घेताना कडी ओढून पाहा, निघत नाही ना. आणि पट्टी मनगटाला गुंडाळू नका, नाहीतर कुत्र्याबरोबर तुम्हीही जाल.

शालीकरामजींनी सगळं ऐकून घेतलं. चिठ्ठीवर लिहूनही घेतलं. घरी आल्यावर नंदाबाईनं ती चिठ्ठी पाहिली आणि त्यांच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

नवा पट्टा आला. शेरूनं तो हुंगला आणि पलंगाखाली न जाता दाराशी जाऊन उभा राहिला. आता नंदाबाई पट्टा धरते, कारण शेरू तिचंच ऐकतो. शालीकरामजी शेजारून चालतात. मोठा रस्ता आला की मात्र "आण इकडं" म्हणत पट्टा मागून घेतात आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे राहतात. ट्रक नसला तरी.