देवाच्या नावावर घातलेला कंटेनर

माझ्या काकांइतका ‘चुकून झालं’ या शब्दांवर चिडणारा माणूस जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत झाला नसेल. एरंडोलच्या एका लग्नात वरणात मीठ नव्हतं. यजमान म्हणाले, “राहून गेलं, आबा.” काका ताटावरून उठले. “मीठ आपोआप राहत नाही, कुणीतरी विसरतं. कोण?” आचाऱ्याने घाबरत कबूल केलं, तेव्हा काकांनी शांतपणे बसून तेच अळणी वरण तीनदा मागून घेतलं. पारोळ्याचा थांबा चुकवणाऱ्या कंडक्टरलाही त्यांनी असंच सोडलं होतं, पण चूक कबूल केल्यावर.

वकिली सोडून ते चोपड्याजवळ केळी करत. शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमारास त्यांनी पहिल्यांदाच एक थंड कंटेनर आखातात पाठवला. तो बंदरातच राहिला. मुंबईच्या जहाज कंपनीच्या संगणकात व्हायरस शिरून बुकिंगची यादी पुसली गेली होती. संगणकाच्या लेखी कंटेनर नव्हताच, म्हणून त्याला वीजही कुणी जोडली नाही. आत केळी काळी पडून पाझरू लागली. कंपनीने कळवलं: कुठल्याशा फ्लॉपीतून आलेला व्हायरस ही दैवी आपत्ती, आमच्यावर जबाबदारी नाही.

काका पत्र घेऊन थेट मुंबईच्या कचेरीत गेले. मी सोबत होतो. चिडले की ते अहिराणीवर येत. “हाई देवनी करणी शे का? तुम्हना देव फ्लॉपीवर बठीसन येस का?” कोपऱ्यातला निवृत्तीला आलेला एक कारकून उठला. “फ्लॉपी मी आणली होती, साहेब. घरून. पत्त्यांचा खेळ होता.”

“आणि यादीची दुसरी प्रत?”

“तीन वेळा मागितली होती. मालक नको म्हणाले.”

काकांनी दावा कंपनीवर लावला. मग कंपनी नमली, पण कशी! पूर्ण भरपाई देऊ, फक्त दोष एकट्या कारकुनाचा असं लिहून द्या. ती ओळ लिहून दिली की त्याचं निवृत्तिवेतन बुडणार होतं. काकांनी तो कागद कंपनीच्या वकिलाच्या तोंडावर फेकला. “काल देव होता, आज हा! मालक कधीच नाही?”

मागच्या महिन्यात काका गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं. इतकी वर्षं रखडलेला दावा माझ्याकडे आला. तेरावं व्हायच्या आत कंपनीने तोच कागद मला पाठवला. माणूस गेला की त्याचा रागही गेला, असा त्यांचा हिशेब. मला ओरडता येत नाही. चार दिवस खपून उत्तर लिहिलं: सही करणार नाही. भाषा मात्र फार सौम्य झाली आहे. आबांनी वाचलं असतं तर फाडलं असतं, आणि नवं उत्तर स्वतः सांगायला बसले असते.