भांडायला न आलेली बाई

“भांडाय न्हाई आले, बाई,” असं म्हणतच ती शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहायची. चपला बाहेर काढून, डोक्यावरचा पदर सारखा करत. भांडायला येणारे पालक तुम्हीही पाहिले असतील. त्यांचं काम लवकर होतं. हिचं होत नसे.

उंब्रजच्या आमच्या शाळेत तिची मुलगी सातवीत होती. डावा पाय जन्मापासून अधू, त्याला पट्ट्यांचा जड बूट. मुलं तिच्यामागं रांग करून तसाच पाय ओढत चालायची. आम्ही ओरडलो की पांगायची. आमची पाठ वळली की पुन्हा रांग.

हेडमास्तर एकदा म्हणाले, “पोरं आहेत. चालायचंच.”

“व्हय सर,” ती म्हणाली, “त्येच तर अवघड हाय तिला.”

आम्ही सगळे हसलो. तीही थोडं हसली, आणि विषय तिथंच संपला.

एका शनिवारी कवायतीच्या वेळी मुलगी बूट काढून वर्गात बसली होती. कुणीतरी तो पळवला. शाळा सुटली तरी सापडेना. शेवटी आईनं त्या एवढ्या मोठ्या पोरीला पाठीवर घेतलं आणि बाजारातून घरी नेलं. बूट सोमवारी मुतारीमागं मिळाला, पट्टा तुटलेला.

ज्या मुलांवर संशय होता त्यांच्या घरी ती एकटीच जाऊन आली. काय झालं, मी विचारलं.

“सगळ्यांनी च्या पाजला, बाई. पोरगं कुणाचंच न्हवतं.”

त्या वर्षीची परीक्षा झाली आणि ती मुलीला घेऊन सांगलीला भावाकडं गेली.

मागच्या महिन्यात लग्नानिमित्त सांगलीला गेले, तेव्हा तिच्याकडं डोकावले. माडीवरची खोली, समोरच नवी शाळा. साडीला फॉल लावत बसली होती. केस बरेच पिकलेत.

“इथली पोरं कशी आहेत?”

“पोरंच हायत. पण ती म्हणती, अम्मी, तू शाळेत यायचं न्हाई. मी बघती माझं.”

एवढ्यात शाळा सुटली. ती उठून खिडकीशी गेली, मीही गेले. मुलगी फाटकातून सावकाश बाहेर आली. मागून एक मुलगा पाय ओढत तिची नक्कल करत होता. मुलगी थांबली, वळली, त्याला काहीतरी म्हणाली. वर ऐकू आलं नाही. मुलगा जरा घुटमळला, मग सरळ चालत निघून गेला.

ती खाली गेली नाही. खिडकीचे गज मात्र तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरले होते, आणि मुलगी जिना चढून दारात येईपर्यंत तिला ते सोडवेनात.