गुरुजींचा व्हायरल लोड

मी मेडिसिनचा रिटायर प्राध्यापक. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका एचआयव्ही उपचार केंद्रात आठवड्यातून दोनदा बसतो. पेशंट निघून जातात, किस्से मात्र माझ्याकडेच मुक्कामाला राहतात. यातले गुरुजी आणि त्यांची बायको म्हणाले, "नावं गाळा अन् बिनधास्त लिहा!" तरी लिहू की नको, यात माझा महिना गेलाच.

*

गुरुजी दारव्ह्याकडचे. दरवर्षी रक्तदान करणारे. या वर्षी पॉझिटिव्ह निघाले. लागण अगदी ताजी. बायको निगेटिव्ह, आणि हिला आपल्यापासून होऊ नये, यातच त्यांचा जीव अडकलेला. पहिला व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचा आकडा, लाखांत!

"सर, मी एवढा वाईट?"

मी अर्धा तास समजावलं. सुरुवातीला विषाणू बहुतेकांत उसळतो. पुढे कुणात किती राहील, ते विषाणूच्या जातीवर, शरीराच्या जन्मजात घडणीवर, सोबतच्या आजारांवर... म्हणजे, नक्की सांगता येत नाही...

आमच्या निमा सिस्टर म्हणाल्या, "सर, गोळी कवा घ्याची थे सांगा ना त्याईले!"

*

बाकावर आमचं बोलणं ऐकत एक जीपवाला बसला होता. त्याचीही लागण ताजी, पण आकडा गुरुजींच्या आकड्याचा दहावा हिस्सा.

"काय गुरुजी, तुमी तं मेरिटमंदी आले!"

गुरुजी पहिल्यांदा हसले. "आता शून्य मार्कांसाठी अभ्यास करतो."

"शून्य नव्हे," मी म्हणालो, "मोजता येणार नाही इतका कमी."

"सर, राहू द्या ना!" सिस्टर.

*

सहा महिन्यांनी तपासणी. आकडा चांगलाच वर! माझंच औषध चुकलं, असं वाटून मी फाइल पुन्हा चाळली.

"गोळ्या घेतल्या ना?"

"घेतल्या. फक्त या परीक्षेआधी पंधरा दिवस बंद केल्या."

"काहून?" सिस्टर ओरडल्या.

"गोळीच्या जोरावर पास होणं म्हणजे कॉपीच झाली ना!"

बायकोचा संयम सुटला. "मी सहा महिन्यांपासून एकटी झोपून राह्यली, अन् तुमाले इमानदारी सुचते!"

गुरुजी खाली मान घालून म्हणाले, "तुले काही झालं असतं तं?"

*

तेव्हापासून बाईच रोज गोळी हातावर ठेवू लागल्या. पुढचे दोन्ही रिपोर्ट आले: विषाणू सापडला नाही.

मी सुरू केलं, "आतापर्यंतचं संशोधन पाहता, सामान्यतः..."

"सर," बाई म्हणाल्या, "मले यांच्यापासून होईल का? एका शब्दात सांगा."

मी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"नाही. मात्र गोळ्या रोज चालू राहिल्या तर..."

'तर'च्या पुढचं कुणी ऐकलंच नाही. बाईंनी गुरुजींचा हात धरला आणि म्हणाल्या, "सिस्टर, बाहेरच्या पेशंटले जरा थांबवा. अन् सरले पण घेऊन जा!"