अक्कांचा कान

नोकरीत बदली झाली आणि मी बेळगावहून बंगळुरात आले, तेव्हा येलहंक्यात वरच्या मजल्यावर एक खोली मिळाली. खाली घरमालकीण राहायच्या. एकट्याच होत्या, कपडे शिवायच्या. चार पिढ्या इथंच गेलेलं मराठी कुटुंब, त्यामुळे बोलण्यात निम्मं कन्नड. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची. मीही म्हणू लागले.

सहा वर्षं शास्त्रीय गाणं शिकल्याची मला भारी घमेंड होती. अक्कांचा रेडिओ मात्र सकाळपासून सिनेमाची गाणी लावून बसलेला, आणि त्यावर मशीन चाललेलं. एकदा जिन्यात मी म्हणालेच, “अक्का, दिवसभर असलं ऐकून कंटाळा नाही येत?”

“असलं म्हणजे कसलं?”

त्या हसल्या आणि आत गेल्या.

पुढच्याच महिन्यात मला कावीळ झाली. तीन आठवडे अंथरुणावर. कुणी सांगितलं नव्हतं, तरी अक्का दोन्ही वेळा जिना चढून यायच्या. “स्वल्प गंजी तरी प्या,” म्हणत पेजेचं भांडं हातात द्यायच्या.

चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, खालून फक्त मशीनचा आवाज येतोय.

“रेडिओ बिघडला का?”

“नाही हो. तुम्हाला आवडत नाही की. आजारी माणसाला त्रास कशाला?”

मला इतकी लाज वाटली! “लावा अक्का,” मी म्हणाले, “मोठ्यानं लावा.”

मग पडल्या पडल्या मीही ऐकू लागले. एका दुपारी अक्का पेज घेऊन आल्या आणि मध्येच त्यांनी हात वर केला. “हे ऐका. इथं ती श्वास घेते.”

दोन ओळींच्या मध्ये खरंच बारीकसा श्वास होता.

“पुढची ओळ उंच आहे. तिला ठाऊक आहे. पण भ्यालेली नाही, बघा.”

सहा वर्षं मी ताना मोजल्या होत्या. गाणाऱ्या माणसाचा श्वास कधी ऐकला नव्हता.

बरी झाल्यावर मी माझी सर्वांत लाडकी कॅसेट, एका बुजुर्ग गवयांची, त्यांना ऐकवली. खरं तर परीक्षाच घ्यायची होती. काजं-बटणं करत त्यांनी अख्खी बाजू ऐकली.

“विद्वान आहेत,” त्या म्हणाल्या. “पण शेवटी शेवटी घाईत आहेत. तबलेवाल्याला श्वास घेऊ देत नाहीत.”

मला राग आला. त्या गेल्यावर पुन्हा लावली, तर तसंच होतं. दुसऱ्या दिवशी त्या आपणहून म्हणाल्या, “सुरुवातीचं मात्र फार सुंदर. घरात एकटेच बसून गातात असं वाटतं. तेवढं परत लावा की.” टेप मागे घेऊन आम्ही ते तीनदा ऐकलं.

आमची आवड काही एक झाली नाही. त्यांची कित्येक गाणी मला शेवटपर्यंत रुचली नाहीत, आणि माझ्या लांबलचक रागांत त्यांना चक्क डुलकी लागायची. पण गाणं कुठल्या जातीचं, हे आधी विचारायची माझी सवय गेली. गाणारा जे गातोय त्यात तो स्वतः आहे का, एवढंच मी ऐकू लागले. त्यानं किती सुख दिलंय, काय सांगू!

तीन वर्षांनी परत बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी म्हणाले, “अक्का, मला ऐकायला तुम्ही शिकवलंत.”

“सरी, सरी, असू दे,” म्हणत त्यांनी मापाची टेप गळ्यातून काढली. “हात वर करा. एक ब्लाउज शिवून देते.”