खिडकीची बाजू

त्या रविवारी ताई खेळत नव्हती, हे मला कळलं होतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. तिला वाटतं, माझ्या लक्षात आलं नसणार. "अहो, तुमचं लक्षच नसतं कुठे," असं ती म्हणते, आणि मी ते पांघरूण मुकाट्यानं अंगावर ओढून घेतो.

खेळ कसला, ते आधी सांगायला हवं. आमच्या लहानपणी रविवारी पोहे व्हायच्या आधी वडील पेपरातला एखादा विषय काढायचे. रेशनवर साखर द्यावी का, शाळेत छडी असावी का, असं काहीही. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी खिडकीकडे बसेल त्यानं बाजूनं बोलायचं, दाराकडे बसेल त्यानं विरुद्ध. कुणी कुठे बसायचं ते वडील चष्म्याच्या घरानं दाखवत. आपल्याला पटो न पटो, मिळालेली बाजू जीव तोडून लढवायची. आणि एक नियम फार कडक होता: वादात स्वतःला आणायचं नाही. "माझ्या बाबतीत तर..." असं कुणी सुरू केलं की चष्म्याचं घर टेबलावर टक्कन वाजायचं. "मुद्दा बोला. तुम्ही कोण ते आम्हाला ठाऊक आहे." हरेल त्यानं कपबशा विसळायच्या. ताई माझ्याहून पुष्कळ मोठी, त्यामुळे बहुतेक वेळा जिंकायची तीच. तरी कपबशाही तीच विसळायची. "तू फोडतोस," म्हणायची.

वडील जाऊन खूप वर्षं झाली. ताई मेलबर्नला, मी इथे ऱ्हाईनच्या काठी, लुडविग्सहाफेनला. भावजींच्या मागे ती एकटीच राहते. खेळ मात्र फोनवर चालू राहिला. माझी सकाळ असते तेव्हा तिची संध्याकाळ, माझा उन्हाळा तेव्हा तिचा हिवाळा. तिच्या घरी मी कधीच गेलो नाही. फोन ती साखरेच्या डब्याला टेकवून ठेवते, तेवढ्या चौकटीतून दिसेल तेवढं तिचं घर मला माहीत: एक खिडकी, तिच्यापलीकडे निलगिरीचं झाड, सिंकचा नळ आणि भिंतीवरचं आईच्या हातचं भरतकाम. पण स्वप्नात मी त्या घरात नेहमी जातो. चौकटीबाहेरच्या, मी कधी न पाहिलेल्या दारानं आत शिरतो. खोल्या आमच्या जुन्या घरातल्यासारख्या असतात, फक्त सगळीकडे धुकं असतं, आणि कुठेतरी नळ चालू असतो.

महागाई वाढू लागली तशी आमच्या खेळाला विषयांची ददात उरली नाही.

"आज काय?" मी विचारायचो.

"तेच रे. भाडं, वीज, व्याजदर. इथे टीव्ही लावला की दोन माणसं भांडतच असतात. एक म्हणतो सरकारनं लोकांना हात द्यावा, दुसरा म्हणतो दिला तर भाव आणखी भडकतील."

"आमच्याकडे पण सेम. ब्युर्गरगेल्डच्या सरकारी मदतीवर राहणारे लोक आळशी की बिचारे, यावरून ट्राममध्येसुद्धा जुंपते."

"मग ठरलं. नाणं उडवते. छापा पडला तर तू आमच्या सरकारच्या बाजूनं बोल, मी तुझ्या सरकारला झोडपते."

"ताई, तू कुणालाही झोडपतेस."

"तुला कधी झोडपलं? कपबशा विसळल्या तुझ्या, शहाण्या."

अशी हसत हसत ती भांडणं संपायची.

मग ते वर्ष आलं. मी एका छोट्या ऑफिसात रासायनिक कारखान्यांसाठी पाइपांची ड्रॉइंग काढायचो. गॅस महागला, कारखान्यांनी नवी कामं थांबवली, आणि आमचं ऑफिस बंद झालं. चूक कुणाचीच नव्हती. मालकानं केक आणला होता, आणि तो कापताना तोच रडला. मला बेकारभत्ता सुरू झाला. अर्बाइट्सआम्टमधल्या, म्हणजे रोजगार कचेरीतल्या, बाईंनी माझे कागद पाहिले आणि माझा चेहराही पाहिला. मी खाली बघत होतो. त्या म्हणाल्या, "हे तुमच्या हक्काचं आहे. यात मान खाली घालण्यासारखं काहीच नाही." मी "हो, हो" म्हणत उठलो.

त्या दिवसांत मी सकाळभर नदीकाठी बसायचो. मालवाहू नावा इतक्या संथ जायच्या की नाव जागेवर आहे आणि काठ सरकतोय असं वाटे. कारखान्याची पांढरी वाफ वर चढून ढगांत मिसळायची. वाफ कुठे संपली आणि ढग कुठे सुरू झाला ते सांगता यायचं नाही. मीही असाच कुठेतरी संपत चाललोय, असं वाटायचं. वाईट नव्हतं वाटत ते. झोप लागताना वाटतं तसं वाटायचं.

पुण्यातल्या नातेवाइकांत कुणाला सांगितलं नाही. ताईला तर नाहीच. "काम काय म्हणतंय?" तिनं विचारलं की "चाललंय" म्हणायचो.

बायको म्हणाली, "अहो, ताईंना तरी सांगा."

"काय सांगू? सरकार पोसतंय म्हणून?"

"तुम्हीच म्हणालात ना, हा विमा आहे, इतकी वर्षं पगारातून कापून दिलाय?"

"विमाच आहे."

"मग?"

 लहानपणी आमच्या घरात फुकटचं हा शब्द शिवीसारखा होता. फी-माफीचा फॉर्म आला तर वडील तो न भरता परत पाठवत. आपल्यापेक्षा गरजू असतील, म्हणत. ते थोर वाटायचं. अशाच एका वर्षी ताईचे बूट भोकाचे होते, हे मला आता आठवतं.

तो रविवार जूनचा होता. माझ्या टेबलावर ऊन होतं, फोनमध्ये अंधार. ताईनं स्वेटरवर शाल घेतली होती, आणि बोलताना तिच्या तोंडातून वाफ निघत होती. घरातल्या घरात.

"हीटर बंद पडला का?"

"लावते रे रात्री. आज विषय मी देणार." ती जरा थांबली. "अंग साथ देत नसेल तर माणसानं काम सोडून सरकारची मदत घ्यावी का?"

"हा कुठल्या पेपरात आला?"

"सगळ्याच पेपरांत येतो. मी खिडकीत, तू दारात. चल."

ताई एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करायची. मोठमोठे ट्रे ओव्हनमधून काढायचे, ढकलगाडीवर चढवायचे. बोलता बोलता तिनं चहाचा कप उचलला, तो डाव्या हातानं. उजवा हात शालीत होता. सगळा वेळ शालीतच होता. मी ते पाहिलं. आणि ताई जन्मात कधी स्वतः होऊन बाजू मागून घेत नसे. बाजू मिळते, घ्यायची नसते, असं तीच मला शिकवायची. नियम असा की स्वतःविषयी बोलायचं नाही, म्हणून ती विषयाच्या आडून विचारत होती. तिला हरायचं नव्हतं की जिंकायचं नव्हतं. मी दारातून उठून खिडकीत तिच्या शेजारी जाऊन बसावं, एवढंच हवं होतं.

"भाडं वाढलं, वीज वाढली," ती म्हणाली. "माणसाचं अंग तेवढंच राहिलं. ते कुठून वाढवायचं?"

"सरकारनं वाटायला घेतलं की भाव अजून चढतात. दुकानदाराला काय, कळतंच, लोकांच्या हातात पैसा आलाय."

"आणि नाही वाटलं तर?"

"तर माणूस स्वतःच्या पायावर उभा राहतो."

"उभं राहवतच नसेल तर?"

"असं सगळ्यांनाच वाटतं. एकदा सवय लागली की संपलं. मग माणूस स्वतःला विचारतसुद्धा नाही, आपण खरंच थकलोय की थकल्याचं सोंग करतोय. आणि फुकटचं अंगी लागत नाही, ताई."

मी छान बोलत होतो. इतकं छान मी लहानपणी कधी बोललो नव्हतो. एकेक वाक्य तासून येत होतं, कारण ती सगळी वाक्यं मी नदीकाठी बसून स्वतःलाच रोज ऐकवत होतो.

एवढ्यात माझी मुलगी म्यूस्लीचा वाडगा घेऊन मागून जात होती. ती थबकली. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र जर्मन. मोठ्यानं, सरळपणे ती म्हणाली, पण बाबा, तुलाही तर मिळतंच की सरकारकडून.

मी फोनवर हात ठेवला.

"काय म्हणतेय रे ती?" ताईचा आवाज हाताखालून आला.

"दूध संपलंय म्हणतेय."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग वाडगा घेऊन खोलीत गेली. तेव्हापासून रविवारी ती आमच्या टेबलाशी बसत नाही.

ताईनं कप खाली ठेवला. पाठीमागच्या निलगिरीवर पाऊस वाजत होता. "जिंकलास रे," ती म्हणाली. "वडील असते तर खूश झाले असते. कपबशा माझ्याकडे." तिनं डाव्या हातानं नळ सोडला. पाण्याचा आवाज ऐकू येत राहिला, आणि मी फोन बंद केला नाही.

पुढच्या वसंतात मला नवी नोकरी लागली. ताईनं मदतीसाठी अर्ज केला नाही. ते ट्रे ती आणखी दोन हिवाळे उचलत राहिली.

मग एका रविवारी फोन उघडला तर तिचे केस कापलेले. अगदी आखूड, मानेवरून. ताईचा अंबाडा मी जन्मापासून पाहत आलोय. आई गेली त्या दिवशीही तो जागच्या जागी होता.

"हे काय?"

"बरं दिसतं ना? थंडीत धुवायला सोपं."

"छान दिसतंय," मी म्हणालो. तिचा हात आता खांद्याच्या वर जात नाही, अंबाडा घालायला दोन्ही हात मागे न्यावे लागतात, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तिनं ते बोलून दाखवलं नाही, कारण तसा नियम आहे. मीही काही बोललो नाही. माझ्याकडे नियमाचंही निमित्त नव्हतं.

त्या दिवशी विषय मी काढला. खिडकी मीच घेतली. मदत म्हणजे भीक नव्हे, म्हणालो. आपणच भरलेल्या करातलं परत येतं, म्हणालो. अंग थकणं हा काही गुन्हा नाही, म्हणालो. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "फुकटचं अंगी लागत नाही. तूच सांगितलंस, आणि पटलं मला ते. आता उलटा फिरलास तर कसं चालेल?" आणि हसली. त्या हसण्यात टोमणा नव्हता. तिला ते खरंच पटलं होतं.

कपबशा त्या दिवशी मी विसळल्या. तिला पाण्याचा आवाज ऐकवला. "फोडू नकोस," ती म्हणाली.

अजून मी स्वप्नात तिच्या घरी जातो. ती टेबलाशी दाराच्या बाजूला बसलेली असते, माझ्या जागेवर, आणि केस मोकळे, कमरेपर्यंत. खिडकीची खुर्ची रिकामी असते. मी तोंड उघडतो, आणि शेजारच्या खोलीतून चष्म्याचं घर टक्कन वाजतं. मी जागा होतो. बाहेर ऱ्हाईनवर धुकं असतं, नाव दिसत नाही, नुसता तिचा भोंगा.

मला ताईला नियम मोडून सांगायचं आहे: तू विचारलंस त्या वर्षी मी स्वतः सरकारच्या भत्त्यावर जगत होतो, तो मला घेता आला, आणि तो माझा हक्क आहे असं मला कुणीतरी नीट सांगितलं होतं. तुला मी ते सांगितलं नाही. दूध संपलेलं नव्हतं. एवढं मी तिचं देणं लागतो, आणि अजून दिलेलं नाही.