पट्टीखालचा अंगारा

हे मी आजवर कोणालेच सांगितलं नाही. बायकोले बी नाही – ती मरून गेली तरी नाही.

रामाकोना गावच्या आमच्या बगीच्यात मी अन् माही पाच वर्षांची नात परी बांधाच्या धुऱ्यावर बसून संत्र्याच्या बिया थुंकून राहिलो होतो, कोणाची दूर जाते ते पाहाले. परी म्हणे, "आबा, तुमाले दात नाही, तुमची काय जाईन!" तिचीच गेली. नेहमीसारखं हसणं-खेळणं आमचं तेवढंच शेवटचं. चार दिवसांनी निमोनिया झाला, नागपूरच्या दवाखान्यात आयसीयूत टाकलं.

तिच्या मानेत बारीक नळी घातली होती, औषध सरळ रक्तात जायसाठी. वरून पारदर्शक पट्टी. पोरगी सुधरून राहिली होती, बोलाले लागली होती.

आता ती नर्स. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, नखात शेत घेऊन आले का? पुन्हा धुवा." लोकं हसले. तीनदा धुवाले लावले तिनं, लेकरासारखे. मनात म्हटलं – थांब, तुले दाखवतो. असा राग कोणाले येत नाही? पण मी तो जपून ठेवला.

माह्या म्हातारीनं, बायकोनं, मोहगावच्या देवळातला अंगारा दिला होता, कपाळाले लावजा म्हणून. कपाळाले लावला असता तर – नाही, सरळ सांगतो. मले वाटलं, औषध जिथून जाते तिथूनच देवाचं बी जावं. नर्स पाठमोरी होती. मी हात धुतले नाही. मुद्दाम नाही धुतले, तिची जिरवाले. पट्टीचा कोपरा उचलला, नळी आत जाते तिथं अंगाऱ्याचं बोट टेकवलं, डाग दिसू नये म्हणून पुसलं, पट्टी दाबून टाकली.

दुसऱ्या दिवशी परी हुडहुडी भरून कापाले लागली. डॉक्टर म्हणे, नळीच्या वाटेनं जंतू रक्तात गेले. पट्टीचा सुटलेला कोपरा पाहून त्यानं विचारलं, "ही पट्टी कोणी उचलली?"

मी नर्सकडे बोट केलं. "हिनं. मी पाहिलं."

"बाबा... मी?" एवढंच बोलली ती.

मले माहीत नव्हतं का? होतं. डॉक्टर बोलला तवाच समजलं. तरी तिचं पांढरं पडलेलं तोंड पाहून मले बरं वाटलं – नात जाऊन राहिली होती, अन् मले बरं वाटलं!

तिसऱ्या दिवशी परी गेली. म्हातारी मरेपर्यंत त्या नर्सले तळतळाट देत होती. मी बाजूले बसून 'हाव, हाव' करत होतो. त्या नर्सचा राग माह्या मनातून अजून बी गेला नाही, हे बी लिहून ठेवतो.

परीले बगीच्याच्या कडेले माती दिली. लेक म्हणाला, "बाबा, आता राहू द्या त्या नर्सचं." दुसऱ्या दिवशी सकाळी मी सौंसरहून नागपूरची पहिली बस धरली. चौथी शिकलेल्या हातानं तक्रार लिहिली, तिचं नाव विचारून. दवाखान्याच्या साहेबानं तिले तिथंच कामावरून काढलं. मी जिन्यापाशी बसून राहिलो. ती पिशवी घेऊन खाली आली, मले पाहून थांबली. मी नजर खाली घातली नाही.