मागच्या काचेवरचे ओरखडे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही. नातवंडांना माझ्या सगळ्या खोड्या ठाऊक आहेत — ही नाही. कारण ही खोडी नव्हेच.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. सांगलीत सासऱ्यांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांना सगळे आण्णा म्हणत. मी तिशीतली सून, गळ्यात मोठा कॅमेरा अडकवून मिरवणारी. काय तो तोरा! आणि अक्कल? चकचकीत दिसेल ती लेन्स चांगली, एवढीच. खरं कळायचं ते कमळला. कुंडल गावची पोरगी, स्टुडिओत लेन्स पुसायचं काम तिचं. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून एकेका लेन्सनं फोटो काढायची आणि कोपऱ्यातली बारीक अक्षरं भिंगातून वाचत बसायची. म्हणायची, रंग उडालेली ती जुनी लेन्सच खरी, कोपऱ्यातलं अक्षरसुद्धा स्वच्छ येतं.

संक्रांतीच्या सुमारास पुण्याचे एक फोटोग्राफर आले — फिल्मच्या जागी कॅमेऱ्याच्या पाठीला लावायचा डिजिटल बॅक घेऊन. जुन्यातली कुठली लेन्स त्याला पुरी पडेल, ते बघायचं होतं. हे नवं काम शिकायला स्टुडिओतल्या एकीला पुण्यालाही नेणार होते. आण्णांच्या मनात कमळच होती.

आण्णांनी आपली लाडकी लेन्स लावली. ती कॅमेऱ्यावरून सहसा उतरतच नसे. फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला — धुरकट. काढून बघितली तर मागच्या काचेवर ओरखडे.

"कमळे, कशानं घासलीस गं?"

"न्हाई आण्णा, मी मागची काच कवा उघडलीच न्हाई."

आण्णांनी माझ्याकडं बघितलं.

आता सांगते. दसऱ्याच्या पूजेला ती लेन्स मीच उतरवून पाटावर मांडली होती, मागची काच वर करून. आण्णा कुंकू लावायचे ते कॅमेऱ्याच्या अंगाला. मी शहाणी — थेट काचेवर टेकवलं. मग घाबरून पदरानं पुसलं. जरीच्या पदरानं! कमळ त्या दिवशी स्टुडिओत नव्हतीच, धम्मचक्र दिनाला गावी गेली होती. ओरखडे त्या दिवशीचे, हे मला एकटीलाच ठाऊक होतं. पुढं फोटो जरा धूसर, मऊ येऊ लागले, तर नवऱ्या मुली खूश — चेहरा गोड येतो म्हणे! मीही मान डोलवली.

एक वाक्य पुरलं असतं. का नाही आलं तोंडातून? आण्णांची भीती? की पुणं दिसत होतं? — दोन्ही.

"मला काय ठाऊक? लेन्सा तीच पुसती," मी म्हटलं.

कमळनं काम सोडलं. पुण्याला मी गेले. बॅकवर चालली ती रंग उडालेलीच लेन्स. मग लोक मलाच विचारू लागले, जुनी लेन्स कशी पारखायची? मी वर्तमानपत्राची युक्ती सांगायचे — माझी म्हणून. प्रत्येक शाबासकीनं कबुलीच्या दाराला आणखी एक कडी लागत गेली. आतून. आणि आत मीच.

काही वर्षांनी साताऱ्यात झेरॉक्सच्या दुकानात गेले, तर मशीनपाशी कमळ.

"वैनी, पुण्यात लय शिकला असाल न्हवं?"

"व्हय," मी म्हटलं.

तिनं माझे कागद नीट जुळवून, कडा एकसारख्या करून हातात दिले. मी ते घेतले आणि बाहेर पडले.